पॉवर नंतर, आधी गाडी पूर्ण अंतर टिकवा : राष्ट्रीय टूरिंग कार मोसमात उतरणाऱ्या मराठी संघांना खुले पत्र

प्रति,
मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक आणि गोव्यातून यंदा पहिल्यांदा राष्ट्रीय टूरिंग कार अजिंक्यपदासाठी गाडी बांधणारे चालक, त्यांची गॅरेजं आणि या सगळ्याला पैसे पुरवणारी घरची मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

गाडी बांधायला घेतली की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंजिनातून किती पॉवर निघेल? हेड पोर्ट करायचं का, कॅम बदलायची का, डायनोवर, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, आकडा किती येईल? आमचं सांगणं असं की हा प्रश्न शेवटचा ठेवा. पहिला रुपया केज (चालकाभोवतीचा पोलादी पाइपांचा पिंजरा), सीट आणि बेल्टवर घाला, दुसरा ब्रेकवर, तिसरा इंजिनाचं तेल आणि तापमान आवरण्यावर. एवढं करून पैसे उरले तर डायनोकडे वळा.

यामागे काळजी आहे, तसं साधं गणितही आहे. मोटरस्पोर्टची जागतिक संघटना असलेल्या एफआयएची रूढ गुणपद्धत धरा: पहिल्याला २५, मग १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १. सहा शर्यतींत दोनदा पहिला आलेला आणि चारदा गाडी बंद पडलेला चालक ५० गुणांवर थांबतो. सहाही वेळा चौथा आलेला ७२ वर जातो. मोसम लहान असतो, शर्यती मोजक्या असतात. एक हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं पॅकिंग) गेलं की ती शर्यत तर हातची जातेच, पण दुसऱ्या दिवसाची शर्यतही जाते, कारण पॅडॉकमध्ये (ट्रॅकमागच्या गाड्यांच्या तळावर) रात्रभर जागून बसवलेलं हेड सकाळी तापवून, परत आवळून बघायला वेळच उरत नाही. तुमच्या वर्गाला यंदा कोणती गुणपद्धत लागू आहे ते नियमपुस्तकात पाहा. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, हिशोब हाच राहील.

मोसमाचा कणा गेली कित्येक वर्षं तामिळनाडूत आहे. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा मद्रास ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा आहे आणि कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे २ किलोमीटरच्या थोडा वर. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. तिथे राउंड, म्हणजे मोसमातला एका ट्रॅकवरचा शर्यतींचा टप्पा, असेल तर प्रवासाचं गणित वेगळं मांडावं लागतं. कारी हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर इथेच, आपल्या लोकांना परवडेल अशी सिंगल सीटर बनवून दाखवली होती. जवळ असलेल्या वस्तूतून नीट गाडी बांधण्याची ती परंपरा सलून (बंद छताच्या) गाड्यांच्या वर्गात अजून जिवंत आहे, आणि तुम्ही त्यातच पाऊल टाकताय. कोल्हापूरच्या पोरांनी कार्टिंगपासून सुरुवात करून फोक्सवॅगन कपच्या ग्रिडपर्यंत मजल मारलेली आहे. तेव्हा आपल्याकडे कसब नाही असं कोणी म्हणू नये. कमी पडते ती तयारी, म्हणून हे पत्र.

सुरुवात कागदांपासून करा. तीन कागद लागतात: भारतातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाचे सर्वसाधारण क्रीडानियम, तुमच्या वर्गाचे तांत्रिक नियम आणि त्या राउंडची पूरक नियमावली. तांत्रिक नियम वाचताना एक सूत्र पक्कं धरा. जे करायला परवानगी आहे असं स्पष्ट लिहिलेलं नाही, त्याला मनाई आहे. "कुठे नाही म्हटलंय?" हा वाद तांत्रिक तपासणीत टिकत नाही. चालकाचा परवाना, वैद्यकीय दाखला आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र यांची कामं मोसमाच्या तोंडावर ढकलू नका.

गाडी कोणती घ्यावी यावर फार लिहीत नाही. जिचे सुटे भाग भंगार बाजारात सहज मिळतात ती घ्या. मारुती एस्टीमचं उत्पादन २००७ मध्येच थांबलं. उलट आपल्या चाकणला बनणाऱ्या पोलो आणि व्हेंटो २०२२ पर्यंत निघत होत्या, त्यामुळे गिअरबॉक्स, नकल, हब आणि एक्सल अजून मिळतात. जमलं तर अख्खी दुसरी गाडी डोनर म्हणून घेऊन ठेवा. सुट्या भागांच्या बिलांची बेरीज केली तर ती बहुधा स्वस्तच पडते. बॉडी निवडताना मात्र रंगाला भुलू नका. दोन्ही स्ट्रट टॉवरच्या (पुढचे शॉक बॉडीला बसतात त्या जागांच्या) मध्यापासून मागच्या ठरावीक भोकांपर्यंत कर्ण मोजा. दोन कर्णांत पाच-सात मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर ती बॉडी कधीतरी जोरात आपटलेली आहे. अशी गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर सरळ दिसते आणि ब्रेक मारला की एका बाजूला ओढते.

आता केज. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात महागाच्या चुका इथेच होतात आणि त्या रंगाखाली झाकल्या जातात.

एफआयएच्या नियमांप्रमाणे पाइप हवा तो जोडविरहित, कोल्ड ड्रॉन, किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताणशक्तीचा. मुख्य कमान ४५ बाय २.५ मिलिमीटर किंवा ५० बाय २ मिलिमीटर, बाकीच्या पट्ट्या ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा शिवणीचा पाइप बाहेरून तसाच दिसतो, पण वाकवताना शिवण उसवते. गॅल्व्हनाइज्ड पाइप तर आणूच नका. जस्ताचा धूर वेल्डरच्या छातीत जातो आणि सांध्यात बुडबुडे राहतात. पाइप घेताना मिलचा दाखला मागा आणि फाइलला लावा. बाक घेताना मध्यरेषेची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या निदान तिप्पट हवी. बाकाच्या आतल्या अंगाला सुरकुती पडली किंवा पाइप चपटा झाला तर तो तुकडा बाजूला टाका. हातोडीने सारखा केलेला बाक पहिल्याच पलटीत तिथेच दुमडतो.

मुख्य आणि पुढच्या कमानीच्या प्रत्येक पायाखाली बॉडीला किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी लागते आणि पायागणिक किमान तीन एम-८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे. बाजारात बोल्टच्या डोक्यावर आकडा नसलेला माल ढिगाने मिळतो. तो परत करा. सगळ्यात जास्त राहून जातं ते छताखालचं वेल्डिंग. कमान छताला चिकटून असते, वरच्या अंगाला टॉर्च पोचत नाही, मग वेल्डर दिसेल तेवढा तीन चतुर्थांश सांधा मारतो आणि वर ग्राइंडर फिरवतो. यावर जुना आणि सोपा उपाय आहे. पायांच्या जागी फ्लोअरला भोकं पाडा, पूर्ण केज टॅक करून (ठिपक्याठिपक्यांनी वेल्ड करून) त्या भोकांतून वीतभर खाली उतरवा, वरचे सांधे चहूबाजूंनी पूर्ण मारा, मग केज उचलून भोकांवर पट्ट्या बसवा. यात दोन दिवस जास्त जातात. ते जाऊ द्या. रंग लावण्याआधी प्रत्येक सांध्याखाली दाढीचा छोटा आरसा धरून टॉर्चने बघा. आरशात पाइपाभोवती वेल्डची अखंड कड दिसली पाहिजे. काळी फट दिसली तर तो सांधा परत उघडा. डोकं आणि गुडघे जिथे आपटू शकतात तिथे मानक पॅडिंग लावा. सोफ्याचा फोम तिथे उपयोगाचा नाही, तो आदळल्यावर सपाट होतो आणि आग लागली की वितळून अंगाला चिकटतो.

सीटला किमान चार माउंटिंग, एम-८ बोल्ट, आणि सीटचे आधार ३ मिलिमीटर पोलादाचे. मूळ सरकत्या रेल्स काढून टाका. बेल्ट घेताना लेबल वाचा. त्यावर वैधतेचं साल छापलेलं असतं आणि तपासणीत पहिली नजर तिथेच जाते. सेकंडहँड बेल्ट कधीच घेऊ नका, कारण एकदा अपघातात ताणलेली पट्टी डोळ्यांना चांगलीच दिसते, पण पुढच्या वेळी धरत नाही. खांद्याचे पट्टे सीटच्या भोकांतून मागे जाताना साधारण १० ते २० अंश उताराने गेले पाहिजेत. ४५ च्या पुढे गेले तर आदळताना ते मणका खाली दाबतात. कमरेचा पट्टा पोटावर येता कामा नये. तो कमरेच्या हाडांवर खाली बसवून आधी आवळायचा, मग खांद्याचे पट्टे ओढायचे. बरेच चालक उलट क्रमाने ओढतात, त्यामुळे कमरेचा पट्टा वर सरकतो. हेल्मेटसोबत मानेला आधार देणारं हान्स उपकरण वापराच. सीटची भोकं आणि हान्सची उंची जुळते का, ते पूर्ण पोशाखात बसूनच तपासा.

८ जानेवारी २०२३ ला मद्रास ट्रॅकवर याच राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सलून कारच्या शर्यतीत के. ई. कुमार हे ५९ वर्षांचे अनुभवी चालक गेले. दोन गाड्यांचा स्पर्श झाला, त्यांची गाडी ट्रॅकबाहेर गेली, कुंपणाला धडकून उलटली. अनेक वर्षं शर्यती केलेल्या माणसावर हे आलं. नवीन चालकाच्या घरच्यांनी हे वाचून घाबरावं म्हणून आम्ही लिहीत नाही. केज, सीट, बेल्ट आणि खिडकीची जाळी यांच्या पावत्या मात्र घरच्यांनी स्वतः मागून बघाव्यात. मेकॅनिकला त्याचा राग येणार नाही, आला तर मेकॅनिक बदला.

तांत्रिक तपासणीत नव्या गाड्या हमखास अडकतात ती जागा म्हणजे किल स्विच, म्हणजे गाडीची सगळी वीज एकदम तोडणारा स्विच. दोन टोकांचा साधा कट-ऑफ आणून बॅटरीच्या तारेत बसवलेला असतो. तपासणारा इंजिनाचे आरपीएम चढवायला सांगतो, स्विच फिरवतो आणि इंजिन चालूच राहतं. कारण बॅटरी तुटली तरी अल्टरनेटर फिरत असतो आणि तो इसीयू (इंजिनाचा संगणक) व कॉइलला वीज देत राहतो. इथे सहा टोकांचा स्विच हवा. दोन जाड टोकं बॅटरीची. बारीक टोकांच्या एका जोडीतून इग्निशनचा पुरवठा जातो, तो स्विच फिरवताच तुटतो. दुसरी जोडी त्याच क्षणी अल्टरनेटरला ३ ओहमच्या रेझिस्टरमार्गे जमिनीला जोडते, म्हणजे उरलेली वीज तिथे जिरते आणि डायोड जळत नाहीत. गाडीत बसलेल्या, बेल्ट बांधलेल्या चालकाचा हात स्विचला पोचला पाहिजे आणि बाहेरून मार्शलचाही. बाहेरच्या खुणेवर पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण, त्यात लाल विजेची खूण, पाया किमान १२ सेंटिमीटर. गाडी गॅरेजमधून निघण्याआधी तीन हजार आरपीएमवर तीनदा करून बघा. अग्निशामक सिलिंडर दोन धातूच्या पट्ट्यांनी बांधा. प्लास्टिकच्या क्लिपमधला सिलिंडर धडकेत गाडीभर उडतो.

ब्रेककडे येऊ. रस्त्यावरची गाडी तासाभरात जेवढे ब्रेक मारते तेवढे शर्यतीत दोन-तीन लॅपमध्ये मारले जातात. साध्या डॉट-३ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २०५ अंश असतो आणि ओलावा शोषल्यावर १४० पर्यंत उतरतो. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५. आपल्या कोकणच्या किंवा चेन्नईच्या दमट हवेत उघडी बाटली फार लवकर ओली होते. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल फरशीला टेकतं. हे लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी होतं, जिथे ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते. म्हणून ३०० अंशांच्या वर उकळणारं रेसिंग ऑइल लहान सीलबंद बाटल्यांत घ्या, प्रत्येक राउंडआधी पूर्ण बदला आणि क्वालिफाइंगनंतर चारही चाकांतून थोडं काढून टाका. उरलेली बाटली पुढच्या राउंडला वापरू नका, ती रस्त्यावरच्या गाडीत घाला.

पेडल लांब गेलं की कारण कोणतं ते ओळखा, कारण उपाय वेगळे आहेत. पेडल मऊ होऊन खाली जातंय आणि पंप केल्यावर वर येतंय, तर तेल उकळलंय. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या बाहेर गेलेत. पहिल्या दाबाला पेडल खाली आणि दुसऱ्याला नेमक्या जागी, तर चाकाचं बेरिंग ढिलं असून डिस्क पॅडला मागे ढकलतेय. पॅडची जाडी निम्म्यावर आली की ते बदला. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती थेट पिस्टनमधून तेलात उतरते. डिस्कमागचं धूळ अडवणारं पत्र्याचं कव्हर काढा आणि बंपरमधून तीन इंची होज हबच्या मध्यापर्यंत आणा, अर्थात नियम परवानगी देत असतील तर. डिस्कच्या एकाच बाजूवर हवा सोडली तर ती वाकते. नवे पॅड आणि डिस्क शर्यतीच्या सकाळी बसवू नका. सात-आठ वेळा मध्यम आणि तितक्याच वेळा जोरात ब्रेक मारून, मग एक पूर्ण लॅप ब्रेक न वापरता थंड करून ते बसतात. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. चाकाला लाकडी ठोकळा लावा.

इंजिनात तेलाचं काम सगळ्यात आधी. स्लिक टायरवर गाडी वळणात १ जी किंवा थोड्या जास्त जोराने बाजूला खेचली जाते. १ जी म्हणजे सम्पमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या परातीतल्या) तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत कलतो. तळाशी थोडंच पाणी असलेला टोप तेवढा तिरका धरून बघा, तळाचा बराच भाग उघडा पडतो. पिकअपची (पंपाला तेल ओढून देणाऱ्या नळीची) जाळी त्याच उघड्या भागात आली तर पंप हवा ओढतो. इंजिन ६००० आरपीएमवर असेल तर क्रँक सेकंदाला १०० फेरे मारतो. दोन सेकंदांच्या लांब वळणात दोनशे फेरे कोरडे. गाडी त्या लॅपला बंद पडत नाही, म्हणून चालकाला काही कळत नाही. तीन-चार लॅपनंतर बिग एन्ड बेरिंग (कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांमधलं) ठोकायला लागतं आणि मग कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. सगळे म्हणतात, इंजिन कच्चं बांधलं होतं. खरं कारण सम्पमध्ये असतं. पिकअपभोवती २ मिलिमीटर पत्र्याची पेटी वेल्ड करा, तिच्या चारही बाजूंना आतल्या बाजूला उघडणाऱ्या झडपा लावा, म्हणजे तेल आत येईल पण वळणात बाहेर जाणार नाही. सम्पच्या तोंडाशी तेल उसळू न देणारी आडवी बॅफल प्लेट लावा. नियमात बसत असेल तर तेलाची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा थोडी वर ठेवा. डॅशवर २० पीएसआयला पेटणारा मोठा लाल दिवा लावा. सुई बघायला चालकाला वेळ नसतो, दिवा डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतो.

थंडाव्यासाठी मोठा रेडिएटर आणण्याआधी बंपर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटी पत्रा आणि फोमने बंद करा. हवा नेहमी सोपी वाट धरते, फट मिळाली की रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. साधं पाणी आणि गंजरोधक वापरा. ग्लायकोलचं कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागच्या गाड्यांसाठी तो साबण ठरतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्याला मनाई असते. १.१ बारची चांगली कॅप पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास नेते. जुन्या कॅपचं रबर कडक झालेलं असेल तर हा सगळा फायदा जातो. दोनशे-तीनशे रुपयांची वस्तू आहे, दर मोसमाला बदला. प्रत्येक सत्रानंतर रेडिएटरच्या जाळीत अडकलेले टायरच्या रबराचे गोळे ब्रशने काढा.

पेट्रोलबद्दल एक ताजी गोष्ट. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला जळायला १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त पाहिजे. रस्त्यावर ऑक्सिजन सेन्सर हे सांभाळून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला बहुतेक इसीयू सेन्सरचं ऐकत नाहीत, आधी भरून ठेवलेल्या मॅपमधला आकडा वापरतात. जुन्या पेट्रोलवर केलेला मॅप तसाच ठेवला तर मिश्रण आठ टक्क्यांपर्यंत पातळ होतं, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि पिस्टनची कड वितळते. शर्यतीला कोणतं इंधन मिळणार ते पूरक नियमावलीत पाहा, त्याच इंधनावर मॅप करा आणि एअर-फ्युएल रेशोऐवजी लॅम्ब्डा (इंधन कोणतंही असो, नेमक्या मिश्रणाला १ येणारा आकडा) वाचून करा. जुने रबरी होज आणि पंपही बदला, इथेनॉलने ते फुगतात.

सस्पेन्शनवर मतं अनेक आहेत, आमचं एवढंच. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी स्वभावतः वळणात सरळ निघते, तेव्हा पुढे उणे ३ अंशांच्या आसपास कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) द्या, मागची बाजू कडक करा आणि वळणात आतलं मागचं चाक हवेत आलं तर घाबरू नका. पुढचं नाही आलं म्हणजे झालं. टायरचा दाब थंड असताना नाही, गरम असताना बघा. सकाळी २८ अंशांना २६ पीएसआय भरलेला टायर ८० अंशांना गेला की ३३ च्या घरात जातो. तोच दाब दुपारी, दहा अंश जास्त तापलेल्या टायरमध्ये भरला तर गणित सव्वा-दीड पीएसआयने चुकतं. म्हणून हवा भरताना टायर सावलीत ठेवा आणि वहीत दाबाशेजारी वेळ आणि तापमान लिहा. ही वही पुढच्या मोसमात नव्या डँपरपेक्षा (शॉक अ‍ॅब्सॉर्बरपेक्षा) जास्त उपयोगी पडेल.

चाकाचे बोल्ट न्यूमॅटिक गनने शेवटपर्यंत आवळू नका. पोलोला १२० न्यूटन मीटर, होंडा सिटीला १०८, टॉर्क पान्ह्याने, क्रॉस पद्धतीने. नव्या रंगवलेल्या रिमवर रंग दबतो आणि बोल्ट ढिला होतो, म्हणून पहिल्या पाच लॅपनंतर गाडी थंड झाल्यावर परत बघा. आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर, मग तो चाकाचा असो, कॅलिपरचा की स्टिअरिंगचा, रंगाच्या पेनने सरळ रेघ मारा. रेघ तुटली की बोल्ट फिरला, हे दोन फुटांवरून कळतं.

प्रवासाचं म्हणाल तर एक सोय आहे. मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू असा जाणारा आपला राष्ट्रीय महामार्ग ४८ थेट इरुंगट्टुकोट्टाईवरून पुढे चेन्नईत शिरतो. पुण्याहून साधारण १२०० किलोमीटर, कोल्हापूरहून हजाराच्या आत. गाडी फ्लॅटबेडवर चढवली की पट्टे चाकांवरून बांधा. सस्पेन्शनच्या आर्मला बांधून एवढं अंतर गाडी हादरत नेली तर पोचल्यावर अलाइनमेंट परत करावं लागतं. दर शंभर-दीडशे किलोमीटरला पट्टे ताणा. बॅटरीची तार काढा, टाकी जवळपास रिकामी ठेवा. सोबत दोन्ही बाजूंचे एक्सल, एक नकल हब-बेरिंगसह, क्लच प्लेट, हेड गॅस्केट आणि बोल्ट, वॉटर पंप, बेल्ट, इंजिन माउंट, फ्युएल पंप, एक कॉइल, दोन संच पॅड, आणि गाडीच्या मालकीचे कागद. ट्रॅकजवळ दुकान सापडेल या भरवशावर कोणी जाऊ नये. रविवारी दुपारी ते बंद असतं.

राउंडच्या दिवसांत मेकॅनिकपैकी एकाचं काम फक्त घड्याळ आणि कागद हेच ठेवा. वजन शर्यतीनंतर होतं, चालकासह. ३७ किलोमीटरच्या शर्यतीत बारा-पंधरा लिटर पेट्रोल जळतं, म्हणजे जवळपास दहा किलो कमी होतात. शिवाय बंपर पडला, लाइट फुटला तर तेही गेलं. घरी वजन करताना टाकीत तीनच लिटर ठेवा आणि किमान वजनाच्या वर निदान पाच किलो हातात राखा. नमुन्यासाठी मागितलं तर तीन लिटर टाकीत उरलेलंच असावं. शर्यत संपल्यावर गाडी पार्क फर्मेमध्ये (अधिकाऱ्यांच्या ताब्यातल्या जागेत) गेली की कोणीही हात लावायचा नाही, बॉनेट उघडायचं नाही, पाण्याची बाटलीही आत द्यायची नाही. चांगल्या जागेवर आलेल्या गाड्या अशा हलगर्जीपणाने बाद होतात. निकाल लागल्यावर हरकत घ्यायला ३० मिनिटं असतात. लेखी द्यावी लागते आणि शुल्क भरावं लागतं, तेव्हा कोऱ्या कागदासकट फाइल पिटमध्येच ठेवा.

चालकांना एकच विनंती. मार्शलच्या जागा पायी फिरून पाठ करा. पिवळा झेंडा दिसला की पाय उचला, दोन पिवळे हलताना दिसले तर थांबण्याच्या तयारीत या. त्या वळणामागे स्वयंसेवक मार्शल उन्हात उभा राहून कोणाची तरी गाडी ढकलत असतो, त्याच्या आणि तुमच्या गाडीमध्ये दुसरं काही नसतं. आणि शर्यतीच्या आदल्या रात्रीपासून मीठ-साखरेचं पाणी पीत राहा. बंद काचांच्या गाडीत, तीन थरांच्या पोशाखात चेन्नईची दुपार काढायची असते. शेवटच्या दोन लॅपमध्ये ब्रेक उशिरा लागतो तो बऱ्याचदा उन्हामुळे.

घरच्यांसाठी हिशोब असा ठेवा. मोसमासाठी जेवढे पैसे बाजूला काढले असतील, त्यातले निदान एक तृतीयांश गाडी तयार झाली तेव्हा शिल्लक असले पाहिजेत. टायर, पेट्रोल, प्रवास आणि पहिल्या दोन राउंडमधली पत्र्याची कामं त्यातून जातात. शिल्लक नसेल तर वर्षभर थांबा, कार्टिंग करा, कोणाच्या तरी पिटमध्ये पान्हे धरा.

मोसमाआधी निदान एक पूर्ण दिवस कारीला सराव ठेवा. वीस लॅप सलग, वेळेच्या मागे न लागता. मग गाडी जॅकवर घ्या, सम्प उतरवा, एक बिग एन्ड कॅप उघडा आणि बेरिंगचा रंग बघा. एकसारखी मऊ राखाडी असेल तर गाडी फ्लॅटबेडवर चढवा. तांबूस पट्टा दिसला तर एन्ट्रीचे पैसे बुडाले तरी चालतील, पण त्या राउंडला जाऊ नका.

आपले,
रेसगाड्या बांधणारे आणि तपासणारे महाराष्ट्रातले काही मेकॅनिक